सातवं नाव

मित्रांनो, आशाबाईंच्या बालवाडीत खेळण्यांच्या पेटीशेजारी जो पिवळट पडलेला, जडशीळ संगणक ठेवला आहे, तोच मी. मला आता कोणी सुरू करत नाही, कारण मी सुरू होत नाही. माझ्या काचेच्या वरच्या कडेला एक कागद चिकटवलेला आहे. तुम्ही तो रोज पाहता, पण तो तिथं का आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. ती गोष्ट माझ्या चुकीची आहे, म्हणून मीच सांगतो.

माझे भाग निरनिराळ्या देशांत बनले आणि हैदराबादच्या एका दुकानात एकत्र आले. १९९७ साली आदिलाबादच्या नागोरावांनी मला विकत घेतलं. त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. आपल्याकडे मुलानं पहिलं अक्षर गिरवायच्या आधी त्याला बासरच्या देवळात सरस्वतीपुढे नेतात. नागोरावांनी मलाही नेलं, जीपच्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून. पुजारी आधी नको म्हणाले, मग हसले आणि त्यांनी माझ्या कळफलकावर हळद-अक्षता वाहिल्या. त्यातला एक तांदळाचा दाणा कळांच्या मध्ये अडकला. तो अजून तिथंच आहे.

त्या दिवसापासून मला वाटू लागलं, की अक्षरांच्या बाबतीत आपण कधी चुकणार नाही. इन्स्टिट्यूटमध्ये मराठी, तेलुगू आणि इंग्रजी टाइपरायटर ओळीनं बसलेले असत. त्यांच्या खडखडाटाला मी मनातल्या मनात हसत असे. बिचारे! पण एक गोष्ट मी तेव्हा लक्षात घेतली नाही. टाइपरायटर कोणत्याही कंपनीचा असो, त्याच्यावर टंकलेला अर्ज कोणालाही वाचता येत असे.

पुढे नागोरावांनी फोनची तार मला जोडली आणि माझ्यावर इंटरनेट दिसू लागलं. इंटरनेटवरची पानं पाहायला माझ्यात एक खिडकी लागते. तिला ब्राउझर म्हणतात. त्या काळी दोन मोठ्या कंपन्यांच्या दोन खिडक्या होत्या आणि दोघींचं हाडवैर होतं. मराठी अक्षरं एक खिडकी एका रीतीनं दाखवायची, दुसरी दुसऱ्या रीतीनं. पान ज्या खिडकीसाठी बनवलेलं असेल, त्याच खिडकीत ते धड दिसायचं. माझ्यात दोन्ही होत्या. पण जोडणी करायला आलेला माणूस म्हणाला, "दोन्ही काय करायच्या आहेत? एक पुरे." त्यानं दुसरीचं चित्र पडद्यावरून काढून टाकलं. ती माझ्या पोटात तशीच पडून राहिली आणि नागोराव तिला विसरून गेले.

मग १९९९ सालचा जून महिना आला. नार्नूरकडच्या एका गावाहून आशाबाई आणि त्यांचे वडील धोंडीबा असे दोघं बसनं आले. आशाबाई तेव्हा गावात बालवाडी चालवत होत्या, पण नुसत्या मानधनावर. त्यांनी नागपूरच्या एका संस्थेत मराठी शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. वयाच्या अटीनं ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं. संस्था नव्या वळणाची. निवडीची पत्रं पाठवणार नाही, यादी इंटरनेटवर पाहा, आणि नाव असेल तर तीस जूनपर्यंत हजर व्हा, असं तिनं कळवलं होतं.

नागोरावांनी पान उघडलं. मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं की हे पान दुसऱ्या खिडकीसाठी बनवलेलं आहे. उघड्या खिडकीला त्या पानाची अक्षरं उचलता येत नव्हती. मी कोरा राहायला हवं होतं. पण माझ्याजवळ दुसऱ्याच एका कंपनीची मराठी अक्षरं होती, तीच मी हाताला येतील तशी मांडून दिली. बिनअक्षराच्या वेलांट्या, लटकणारे रफार, अर्ध्या अक्षरांच्या रांगा. दिसायला मराठी, आणि अर्थ काहीच नाही.

"अक्षर तं आपलंच हाय," नागोराव डोळे बारीक करून म्हणाले, "पण वाचता नाही येऊन राह्यलं."

धोंडीबा पुढे वाकले. "मोडी असंल भाऊ. आमच्या जुन्या मालकाच्या घरी जमिनीचे कागद असेच होते. दिसे मराठी, पण मास्तरलेही वाचता येत नव्हतं."

पानाच्या तळाशी इंग्रजीत एक बारीक ओळ होती. हे पान अमुक खिडकीतूनच नीट दिसेल, असं तिच्यात लिहिलं होतं. नागोरावांनी ती पाहिली आणि सोडून दिली. कारण त्या काळी पानापानावर अशी ओळ असायची. कापसाच्या बाजारात जो तो अडत्या 'आमचाच काटा खरा' म्हणून ओरडतो, तशी. इतक्या जाहिरातींत एक खरी सूचना आहे, हे त्या बिचाऱ्यांना कसं ओळखू यावं?

मोडी वाचणारे आसपास एकच उरले होते, जवळच्या मावला गावचे सुधाकरराव. निजामाच्या काळात पटवारी होते. ऐंशी वर्षांचे, धुतलेलं धोतर, खिशात भिंग. कोणाच्या हद्दीचा तंटा असो, त्यांनी कागद वाचला की वाद मिटायचा. नागोरावांनी त्यांना रिक्षातून आणलं, माझ्यापुढे खुर्ची दिली.

"पटवारीसाहेब, यात आमच्या आशीचं नाव पाहा," धोंडीबा हात जोडून म्हणाले.

सुधाकररावांनी भिंग माझ्या काचेला लावलं. त्यांचा डोळा मला भला मोठा दिसत होता. तो ओळीवरून फिरला, थांबला, मागं आला, पुन्हा फिरला. त्यांना एक अक्षरही लागलं नाही, हे मला दिसत होतं. भोवती चार माणसं श्वास धरून उभी होती.

"मोडीच हाय," ते शेवटी म्हणाले. "पण वळण निराळं हाय. तुमच्या पोरीचं नाव नाही यात."

"नाही तं मी उद्याच्या गाडीनं नागपूरले जाऊन पाहू का, बाबा?" आशाबाईंनी हळूच विचारलं.

"काऊन उगाच चक्कर?" धोंडीबा म्हणाले. "साहेबानं वाचलं ना."

आशाबाईंनी पिशवी उचलली आणि दोघं बसस्टँडकडे गेले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला वाचा कुठे होती!

जुलैच्या मध्यावर त्या एकट्याच आल्या. हातात संस्थेचं पत्र होतं, हे मात्र टपालानं आलेलं. 'निवड होऊनही आपण हजर न राहिल्यानं आपली जागा पुढील उमेदवारास देण्यात आली आहे.' नागोरावांनी ते दोनदा वाचलं.

"भाऊ, ते पान पुन्हा उघडता का?" आशाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा तोच घोळ मांडला. आशाबाईंनी तो वाचायचा प्रयत्नही केला नाही. त्या थेट तळाच्या ओळीवर गेल्या आणि दहावीच्या इंग्रजीवर एकेक शब्द जोडत वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, हे दुसरी खिडकी म्हणते ते काय असते?"

नागोरावांनी माझं पोट धुंडाळलं. ती सापडली. तिच्यातून तेच पान उघडलं आणि पडद्यावर स्वच्छ, गोमटी मराठी अक्षरं उमटली. सातवं नाव होतं: आशा धोंडीबा मुनेश्वर.

त्यांनी काचेवर त्या नावाखाली बोट ठेवलं. बराच वेळ ते तसंच होतं. मित्रांनो, मला तेव्हा बंद पडावंसं वाटलं.

बातमी मावल्याला पोचली. दुसऱ्या दिवशी सुधाकरराव पायी चालत आले, रिक्षा नाही, भिंग नाही. आशाबाई नागपूरच्या संस्थेला पाठवायचा फेरविचाराचा अर्ज टंकून घ्यायला आल्या होत्या. म्हातारा त्यांच्यापुढे उभा राहिला.

"पोरी, मले ते वाचता आलं नव्हतं," ते म्हणाले. "साठ वर्षांत कोणापुढं तसं म्हटलं नव्हतं. जीभ उचलली नाही. मले माफ कर."

आशाबाईंचे डोळे भरून आले होते. "तुमी नाही येत म्हणाले असते बाबा, तं मी गाडीत बसली असती," एवढंच त्या म्हणाल्या.

तो अर्ज नामंजूर झाला. वय सरलं होतं. आशाबाई आपल्या बालवाडीतच राहिल्या. नागोरावांनी माझ्या पडद्यावर दोन्ही खिडक्यांची चित्रं शेजारी शेजारी लावली आणि सुधाकररावांनी आपल्या वळणदार हातानं एक कागद लिहून माझ्या काचेवर चिकटवला. मी थकल्यावर नागोरावांनी मला मोडीत काढलं नाही, आशाबाईंकडे पाठवून दिलं. वैरी कंपन्यांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. त्यांना आशाबाईंचं नाव कधी कळलंही नसेल.

कागदावर लिहिलंय: 'वाचता न आल्यास तसे सांगावे.'

म्हणून तर, मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उभं राहून "बाई, मले हे नाही येत वाचता," म्हणालं, की आशाबाई त्याला सगळ्यांत आधी जवळ घेतात. माझ्यावरची धूळ पुसायला विसरलात तरी चालेल, पण तेवढं म्हणायला विसरू नका. मला ते एकदा म्हणता आलं असतं, तर आज आशाबाई बालवाडीत नसत्या, शाळेत असत्या.