पहिले सात आकडे

हातात धरायच्या मोजणीयंत्रात चार चाकं असतात. बटण दाबलं की शेवटचं चाक एक घर पुढे सरकतं. नवावरून शून्यावर येताना त्याला शेजारच्या चाकालाही ढकलावं लागतं आणि तिथे ते जरा अडखळतं. अर्धा सेकंद असेल. तेवढ्या वेळात खिडकीत कुठलाच आकडा धड दिसत नाही. त्या दिवशी पावणेतीन वाजता माझं यंत्र असंच दोनशे एकोणनव्वद आणि दोनशे नव्वदच्या मधे अडलं होतं, आणि फाटकाबाहेर रांग होती.

"ताई, दाबा की! मी काय अर्धाच आलोय?" घड्याळकाका म्हणाले.

घड्याळकाका बाजारात घड्याळं दुरुस्त करतात. वर्षाच्या सुरुवातीला ते चुकून एकदा आले होते, दुकानाची वीज गेली म्हणून. आज त्यांच्या मागे पाच माणसं होती. मी सहा वेळा बटण दाबलं.

"हे माझे साडू," ते एका जाड्या गृहस्थाकडे बोट दाखवत म्हणाले. "टीव्हीवर मोठमोठ्या टीमच्या मॅच बघतात. सोफ्यावरून रेफरीला शिव्या देतात. मी म्हटलं, चला, इथे रेफरीला ऐकू जातात."

रांगेत हशा पिकला. मी हसले नाही, कारण माझ्या डाव्या हाताला मालमत्ता खात्याचे साहेब उभे होते. त्यांच्या काखेत फाइल होती. मैदान नगरपालिकेचं आहे. करार या महिन्यात संपत होता आणि वाढवायचा की नाही, याचा शेरा साहेब त्याच दिवशी लिहिणार होते. शेरा वाईट आला तर मैदान जाणार आणि तिथे गाड्या उभ्या राहणार. आमचा क्लब सगळ्यात खालच्या गटात खेळतो. मैदान गेलं तर असल्या क्लबला कुणी दुसरं देत नाही.

अट एक होती: वर्षातल्या बारा मॅचना सरासरी तीनशे प्रेक्षक. ही बारावी होती.

फाटकावरची मोजणी आधी बाबा करायचे, अठ्ठावीस वर्षं. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, शनिवारी दुपारी मोकळी असते. बाबा यंत्र वापरत नसत. मॅच सुरू होऊन वीस मिनिटं झाली की ते समोरच्या बाजूला जाऊन पायऱ्या मोजायचे. भरलेली एक पायरी म्हणजे साठ माणसं. हे प्रमाण त्यांनी तरुणपणी एकदा नीट मोजून काढलं होतं आणि तेव्हा ते बरोबरही होतं. तेव्हा माणसं खांद्याला खांदा लावून बसायची. आता प्रत्येकाच्या शेजारी त्याची पिशवी बसते, छत्री बसते, आणि अनोळखी माणसापासून राखलेलं अंतरही बसतं. पायरी भरलेली दिसते, माणसं असतात पंचवीस. बाबांच्या वहीत वर्षानुवर्षं तीनशे येत राहिले.

मी पहिल्याच मॅचला यंत्र घेऊन उभी राहिले. एकशे अडतीस.

दादा क्लबचा सेक्रेटरी. त्याला आकडा सांगितला तेव्हा तो गोलच्या जाळ्याला गाठी मारत होता. त्याने गाठ पूर्ण केली आणि मग विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. वहीत तीनशे पाच लिही. आपण माणसं आणू. खरंच तीनशे झाले की मग खरं लिहायला लाग. कोणाचं काय बिघडतंय?"

मी लिहिलं. बाबांची ती चूक होती, माझं ते खोटं होतं. या दोन गोष्टींतला फरक मी प्रयोगशाळेत नव्या मुलींना दर वर्षी शिकवते.

माणसं आणायचं मात्र मी मनापासून मनावर घेतलं. आधी भिंतींवर कागद लावले. दुसऱ्या मॅचला एकशे एकतीस आले, म्हणजे सात कमी. मग जे एकदाच येऊन गेले होते अशा साठ जणांचे नंबर मिळवले आणि फोन केले. "तुम्ही परत का आला नाहीत?" आठ जणांनी उचलला नाही. खेळ रद्दी होता म्हणणारे फक्त चार. सतरा जणांना एकटं बसायला कसंतरी वाटलं होतं. आणि एकतीस जण म्हणाले, पुढची मॅच कधी ते कळलंच नाही.

म्हणून आम्ही दोनच गोष्टी केल्या. मॅच संपल्यावर मी फाटकात उभी राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पुढची तारीख आणि वेळ तोंडी सांगायला लागले, जमेल तितक्यांना नावानिशी. आणि एकटा आलेला माणूस दिसला की कुणीतरी नेहमीचा त्याच्याशेजारी जाऊन बसायचा. घड्याळकाका यात पटाईत निघाले. "बसा इथे, मला भांडायला माणूस लागतो," असं म्हणून ते ओढून बसवत. एकशे एकोणपन्नास, एकशे सहासष्ट, एकशे नव्वद, दोनशे चोवीस, दोनशे त्रेसष्ट. हे आकडे माझ्या डायरीत होते. बाबांच्या वहीत मी तीनशेच्या आसपासचे लिहीत गेले. आठव्या मॅचला यंत्रात तीनशे दोन आले तेव्हा मी पहिल्यांदा दोन्हीकडे एकच आकडा लिहिला. त्या संध्याकाळी दादाला म्हटलं, आता मागचं दुरुस्त करू. तो म्हणाला, पुढच्या मॅचला बघू. प्रत्येक मॅचला तो हेच म्हणाला आणि प्रत्येक मॅचला मी ऐकलं.

तीन वाजता शिट्टी झाली. खिडकीत चारशे एक होते.

"चांगली गर्दी आहे," साहेब म्हणाले. आवाज कौतुकाचा नव्हता. मग ते नुकत्याच मोजून झालेल्या एका बाईंकडे वळले. त्या निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. "बाई, तुम्ही पहिल्यांदाच आलात?"

"पहिल्यांदा?" सिस्टर म्हणाल्या. "दहावी मॅच ही माझी. एक चुकवली नाही."

"पहिल्यापासून अशीच गर्दी असते?"

माझं बोट बटणावर होतं. ते तिथेच राहिलं.

"कसली हो गर्दी! मी आले तेव्हा अख्ख्या पायरीवर मी एकटी. वाटलं, चुकून रिकाम्या वॉर्डात आले की काय. डोकी मोजली असती तर दीडशे भरली नसती."

साहेबांनी फाइल उघडली आणि बोट वरून तिसऱ्या, म्हणजे सिस्टरच्या पहिल्या मॅचच्या, ओळीवर नेलं. ती बाबांच्या वहीच्या पानाची नक्कल होती; तिथे तीनशे दोन लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात.

"त्या दिवशी पाऊस होता साहेब," दादा मागून म्हणाला. तो कधी आला ते मला कळलं नव्हतं. "सगळे तिकडे छपराखाली उभे होते. सिस्टरना दिसले नसतील."

"पाऊस?" सिस्टर म्हणाल्या.

"चला सिस्टर, सुरू झाली मॅच. तुमची जागा जाईल." दादाने त्यांना जवळजवळ हाताला धरूनच आत नेलं.

साहेब फाइल मिटून माझ्या शेजारी उभे राहिले आणि माझ्या यंत्राकडे पाहत राहिले. त्यानंतर अकरा माणसं उशिरा आली. प्रत्येक वेळी त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

फाटकावर माझी पाठ मैदानाकडे असते. मॅच मला ऐकू येते, दिसत नाही. आमच्यावर गोल झाला तेव्हा घड्याळकाकांच्या साडूंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. त्यांना रेफरी सापडलेला दिसत होता. मध्यांतरात दादा पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने आला.

"काय विचारलं त्यांनी?"

"काही नाही. मोजतायत."

"मोजू दे. आजचा आकडा सोन्यासारखा आहे. सरासरी तीनशे बावीस बसते, मी तीनदा काढली."

"खरी दोनशे अठ्ठेचाळीस आहे."

"हळू बोल!" त्याने आजूबाजूला पाहिलं. "शास्त्रज्ञबाई, एक दिवस. फक्त आजचा एक दिवस तोंडाला कुलूप लाव. उद्यापासून तू म्हणशील तसं."

"आणि सिस्टर?"

"त्यांना काय, त्या उद्या विसरतील." मग त्याचा आवाज बदलला. "बाबा आलेत. ऑफिसात बसलेत, रिक्षाने आले. शर्टाला इस्त्री करून आलेत गं."

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही बरोबरी केली. माझ्यामागे चारशे बारा माणसं एकदम उभी राहिली आणि जुन्या पायऱ्यांची धूळ फाटकापर्यंत आली. मी वळले नाही. मला बाबांच्या वहीतली तिसरी ओळ दिसत होती.

मॅच संपल्यावर ऑफिसात आम्ही चौघं होतो. ऑफिस म्हणजे पायऱ्यांखालची खोली. एका बाजूला चुन्याच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला बॉलची जाळी, मधे टेबल. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. काठी दोन गुडघ्यांच्या मधे होती.

"किती?" त्यांनी मला विचारलं.

"चारशे बारा."

"मला बाहेरून आवाजावरूनच वाटलं. सात पायऱ्या असणार." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "माझी मुलगी मोजते. यंत्राने. आमच्या वेळी नुसत्या डोळ्यांनी चालायचं."

साहेबांनी हसून मान डोलावली, फाइल टेबलावर पसरली आणि चष्मा काढला.

"स्पष्ट बोलतो," ते दादाला म्हणाले. "सरासरी बसते. पण सरासरीवर कमिटी मैदान देत नाही, माझ्या शेऱ्यावर देते. शेऱ्यात एक रकाना आहे, 'प्रेक्षकांत वाढ'. मागची सगळी वर्षं तीनशे. यंदा तीनशे पाच, तीनशे दहा, तीनशे दोन, तीनशे आठ. महिनोन्महिने एक रेघ. शेवटी थोडं वर आणि आज एकदम चारशे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाल?"

"लोक यायला लागलेत साहेब," दादा म्हणाला.

"मी म्हणेन, आज वऱ्हाड गोळा केलंय. साहेब येणार म्हणून. उद्यापासून पुन्हा तीनशे. तेवढ्यांसाठी मोठ्या स्टेडियममधला एखादा वार मिळाला तरी पुरे, अख्खं मैदान अडवायची गरज नाही."

"वऱ्हाड नाही हो! हिने एकेकाला फोन केलेत. दारात उभी राहून तारखा सांगितल्यात. सुरुवातीला तर..." दादा थांबला.

"सुरुवातीला काय?"

दादाने बॉलच्या जाळीकडे पाहिलं. बाबांनी दादाकडे पाहिलं.

मला तेव्हा ते कळलं, आणि इतकं सरळ होतं की आधी का दिसलं नाही याचं आश्चर्य वाटलं. दोनशे चौऱ्याहत्तर माणसं आम्ही एकेक करून आणली होती. सिस्टर, घड्याळकाका, एकटं बसायला लाजणारे ते सतरा जण. त्यांना पुसून टाकणारी रेघ मीच ओढली होती. खरे आकडे कागदावर असते तर चढण कुणालाही दिसली असती. पण खरे आकडे सांगायचे तर सरासरी दोनशे अठ्ठेचाळीस. अट मोडली. आणि खोटी नोंद केली की करार रद्द, हे त्याच फाइलच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं. न सांगितलं तर साहेबांच्या शेऱ्याने मैदान जाण्याची शक्यता होती. सांगितलं तर माझ्या तोंडाने.

"त्या बाई दीडशे म्हणाल्या," साहेब म्हणाले. "तुमचे बंधू म्हणतात पाऊस. मी हवामान खात्याला विचारणार नाही, तेवढा वेळ नाही मला. तुम्ही मोजता, तुम्ही सांगा. बाराही आकड्यांसमोर मोजणाऱ्याची सही लागते. करा." त्यांनी पेन उघडून माझ्यापुढे धरलं.

"कर पोरी," बाबा म्हणाले. "आपले आकडे आहेत. अठ्ठावीस वर्षांत कुणी बोट ठेवलेलं नाही."

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, तू बोलू नकोस. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की तो असंच बघायचा आणि मग दोष स्वतःवर घेऊन आईला सांगायचा, मी फोडलं.

मी पेन घेतलं. बाहेर कुणीतरी फाटकाची कडी वाजवत होतं आणि घड्याळकाका ओरडत होते, "ताई कुठायत? पुढची तारीख कोण सांगणार?" तारीख मला माहीत नव्हती. ती या टेबलावर ठरणार होती.

मी पेनाचं टोपण लावलं आणि ते फाइलवर आडवं ठेवलं. पिशवीतून डायरी काढली. बाबांकडे पाहिलं तर पुढचं वाक्य बाहेर येणार नाही हे माहीत होतं, म्हणून साहेबांकडेच पाहिलं.

"मी यावर सही करणार नाही, साहेब. यातले पहिले सात आकडे खोटे आहेत आणि ते मी लिहिलेत, बाबांनी नाही आणि दादानेही नाही. खरे माझ्याकडे आहेत. सांगते, लिहून घ्या."