पुकारा

वडील पेटीतून येणार होते आणि बंदर बंद होतं. दोन्ही गोष्टी तिला एकाच फोनवर कळल्या. जहाज कंपनीच्या माणसाने त्या अशा सुरात सांगितल्या, की त्यातली जास्त वाईट कुठली हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नसावं.

वडील मालवाहू जहाजावर आचारी होते. भर समुद्रात कांदा चिरता चिरता छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. जहाज धक्क्याला लागलं खरं, पण गोदी कामगारांचा संप चिघळलेला. माल उतरेना, तेव्हा कंपनीने वैतागून जहाज समुद्रापलीकडच्या बंदराला धाडायचं ठरवलं. दुपारच्या भरतीला ते निघणार होतं. तोवर वडील उतरले नाहीत तर तेही जाणार, आणि तिकडे परक्यांच्या हातून त्यांची जी वासलात लागेल ती लागेल.

तिने गाडी ठरवली आणि मामाला सोबत घेतलं. शहरात दुकानांची शटरं खाली होती. रस्त्यावर विटांचे तुकडे, चौकात जळून कोळसा झालेली बस. त्या बसच्याच वरच्या बाल्कनीत एक बाई चादर झटकून वाळत घालत होती.

"तुझा बाप जन्मात कधी वेळेवर घरी आला नाही," मामा म्हणाला. "आता गेला तरी सवय सोडेना."

"मामा, पुरे."

"बरं, गप्प बसतो." तो पुढच्या कोपऱ्यापर्यंत गप्प बसला.

बंदराच्या फाटकात टायरांची रास आणि तिच्यासमोर संपकरी. त्यांचा मुकादम बुटका, रुंद, दाढी वाढलेला. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"क्रेन चालणार नाही, ताई. डेकवरचा तो खोका उतरणार नाही."

"माझे वडील आहेत त्या खोक्यात."

"गेल्या खेपेला असल्याच खोक्यात औषधं आहेत म्हणाले. माणुसकी म्हणून आम्ही उतरवली, तर आतून यंत्रांचे सुटे भाग निघाले. आता कंपनीने देव जरी धाडला तरी खोका उघडून बघणार."

"मग उघडून बघा."

"अगं पोरी..." मामाने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

मुकादम चार गडी घेऊन जहाजावर चढला. मागोमाग ती आणि मामा. पेटी सकाळीच थंड खोलीतून डेकवर आणली होती. खलाशांनी तिच्याभोवती जाड फळ्यांचा खोका ठोकला होता. कोपऱ्यांना साखळीच्या कड्या, कोणती बाजू वर ते सांगणारा रंगवलेला बाण. त्यांनी तो इतक्या प्रेमाने बनवला होता, की कुणालाही माल वाटावा.

मुकादमाने पहारीने फळ्या उचकटल्या. आत साधी पेटी निघाली. त्याने पहार खाली ठेवली.

"उघडा," ती म्हणाली. "खात्री करून घ्या."

त्याने झाकणावर तळवा टेकवला आणि लगेच काढून घेतला. "नको. हा गारठा पुरे आहे."

खोका सुटल्यावर पेटी शिडीवरून नेण्याजोगी होती. पण खलाशांना धक्क्यावर उतरायला पोलिसांनी मनाई केलेली, आणि संप मिटेपर्यंत बंदरात ओझं उचलायचं नाही अशी कामगारांची शपथ.

"हातमोजे काढा," मुकादम गड्यांना म्हणाला.

"मोजे काढल्याने वजन कमी होतं का?" एका गड्याने विचारलं.

"मोजे कामावर घालतो आपण. हे काम नाही. काढ."

"हाताला फोड आले तर युनियन मलम देईल?"

"बायकोला सांग, ती लावेल. उचल आता."

चौघांनी उघड्या हातांनी पेटी उचलली. मुकादम पुढे उलटा चालू लागला. ही टोळी पुकाऱ्यावर चालणारी. मुकादम आवाज देतो आणि सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं. आज त्याने तोंड मिटून घेतलं होतं, त्यामुळे पावलं चार जणांची चार तऱ्हांची पडत होती. निम्म्या शिडीवर मागच्याचा पाय घसरला. पेटी कठड्याच्या दोराकडे कलली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

"अरे देवा," मामा म्हणाला.

"आवाज द्या," ती वरून म्हणाली.

"पुकारा दिला की ते काम झालं, ताई." मुकादमाने खाली धक्क्याकडे पाहिलं. सारे संपकरी माना वर करून उभे होते.

"ते पाण्यात पडतील. आवाज द्या."

त्याने हळूच आवाज दिला. "होऽऽ हैऽ!" चार पावलं एकदम पडली. संप सुरू झाल्यापासून बंदरात तो पुकारा झाला नव्हता.

"फुटला रे मुकादम!" खालून कुणीतरी ओरडलं.

"ए, गप! मयत दिसत नाही का?" दुसऱ्या कुणीतरी त्याला दटावलं.

मुकादमाने दोघांचंही ऐकलं. पुढचा पुकारा त्याने मोठ्याने दिला, आणि तसाच देत पेटी गाडीपर्यंत आणली.

"तो ओरडला तो कोण, कळलं का?" मामाने विचारलं. त्याला राहवलं नाही.

"आवाज ओळखीचा आहे. जावई आहे माझा." मुकादमाने कपाळ पुसलं. "आज रात्रीचं जेवण तिकडेच होतं. निघा तुम्ही, पुढचा रस्ता बंद होईल."

तिला आभार मानायचे होते. तो तोवर फाटकाकडे वळला होता. तिथे त्याच्याभोवती घोळका जमत होता आणि सगळे एकदम बोलत होते.

मामा पुढे बसला. ती मागे, पेटीशेजारी, गाडीच्या पत्र्यावर. चौकाजवळ विटा लागल्या आणि पेटी हलायला लागली. तिने दोन्ही हातांनी ती दाबून धरली.

"मॅडम, हळू घेऊ का?" ड्रायव्हरने विचारलं.

"घ्या," ती म्हणाली. "हळूच घ्या."