फुलाबाईचे गुडघे

भोंगवलीत पावसाळ्यातही अधूनमधून ऊन पडतं. तिथली लेक रत्ना वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात दिली, तेव्हा तिला आषाढ म्हणजे काय ते कळलं. महिना महिना सूर्याचं तोंड दिसत नाही. धुकं उंबऱ्याच्या आत येतं, भिंतींना ओल चढते, भरदुपारी बल्ब लावावा लागतो, तोही वीज असली तर. सासरी येऊन सोळा वर्षं झाली. दरसाल या दिवसांत तिचं मन अशी बसकण मारतं की चुलीपर्यंत जायचंही जिवावर येतं. छातीत उगाच धडधडतं. कारण विचाराल तर काही नाही. आणि बिनकारणाच्या दुखण्याला गावात एकच नाव असतं, आळस.

यंदा तर तिनं सावडच बुडवली. भातलावणीला इथं मजूर मिळत नाहीत. पाच घरं मिळून आज याचं खाचर, उद्या त्याचं, असं उरकतात. सखूबाईच्या लावणीला रत्ना गेली नाही, फुलाबाईच्याही नाही. "ताप हाय," असं तिनं नवऱ्याला, सोमनाथला, सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं तेच घरोघर सांगितलं. उद्या पाळी रत्नाच्याच खाचराची होती. रोपं पिवळी पडायला लागली होती. जी दुसऱ्याच्या चिखलात उतरली नाही, तिच्या चिखलात कोण उतरणार?

दिवस मावळायला फुलाबाई काढा घेऊन आली. फुलाबाई साठीची, तोंडानं भोंगा आणि गुडघ्यांसाठी प्रसिद्ध. श्रावण लागला की तिचे गुडघे धरत, ती अंथरूण धरी आणि गणपतीपर्यंत साऱ्या आळीला त्या गुडघ्यांची खबर असे. कुणी निर्गुडीचा पाला आणून देई, कुणी तेल.

तिनं रत्नाच्या कपाळावर हात ठेवला. "ताप कुठाय? कपाळ तर गारढोण."

रत्ना इतकी थकली होती की तिला दुसरं खोटंही सुचेना.

"ताप न्हाई काकी. मन उठत न्हाई. अंधारून आलं की रडू येतं, सारं नकोसं व्हतं. सांगा आता गावाला."

फुलाबाईनं काढ्याचं भांडं तिच्यापुढं सरकवलं. मग उठली. "काढा पी. केलाय तर वाया कशाला घालवायचा?" एवढं बोलून गेली. आता झाली शोभा, असं म्हणत रत्नानं तो कडू काढा पिऊन टाकला.

सकाळी खाचरावर पाचही घरची माणसं हजर होती. सर्वांत पुढं फुलाबाई, तिनंच साऱ्यांना हाकारून आणलं होतं. रत्ना खाली मान घालून कडेला चिखलात उतरली. दोन मुठी रोपं लावून होतात न होतात तोच सखूबाईनं टोमणा मारला, "ताप उतरला व्हय गं? आमच्या येळंला चढला, तुझ्या येळंला बरा उतरला!"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण खोटं सांभाळायलाही अंगात बळ लागतं.

"ताप नव्हताच, सखूकाकी. मन उठत न्हाई माझं. दरसाल पावसात असंच व्हतं."

सगळ्यांचे हात थांबले.

"मन?" सखूबाई म्हणाली. "मन काय गुडघा हाय व्हय, धरायला?"

तिकडून फुलाबाई कंबर सरळ करून उभी राहिली. "माझ्या गुडघ्यांना काय झालंय गं? ह्याच गुडघ्यांनी तोरणा चढून यीन. पंधरा वर्सं म्या गुडघं दुखत्यात म्हणून सांगतीया. मन दुखतंय म्हणलं असतं, तर तेल आणलं असतंस का तू?"

सखूबाईनं दरसाल बाटली भरून आणली होती. ती खाली वाकून रोपं लावायला लागली.

"रत्ने, मधी ये," फुलाबाई म्हणाली. "कडंला माणूस मागं ऱ्हातं."

रत्ना दोघींच्या मधे जाऊन वाकली. धुकं तसंच होतं, छातीतलं ओझंही तसंच. पण दोन्ही अंगाच्या ओळी सरकत होत्या आणि त्यांच्याबरोबर तीही सरकत होती.

"लावणी उरकली की नसरापूरला डाक्टरीणबाईकडं जाऊ," फुलाबाई हळूच म्हणाली. "दोघी."

"तिला काय सांगायचं, काकी?"

"गुडघं सोडून समदं."