एक्सलची पट्टी

गंगापूर रोडवर माझं दुकान आहे. साध्या सायकलींना मोटर बसवून देतो. मी, शेखर, तोंडाचा तिखट माणूस. गिऱ्हाईक जरा अक्कल शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. पण शेण खाल्लं ते मीच.

मागच्या चाकातली मोटर जोर लावते तेव्हा चाकाचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, उलटा फिरू बघतो. म्हणून पोलादी पट्टी लावायची असते. तिच्या एका टोकाने एक्सल धरायचा, दुसरं टोक फ्रेमला आवळायचं. भिमाजी नावाच्या गिऱ्हाइकाच्या सायकलला पट्टी बसेना, कानस मारून घासावी लागणार होती. मला जेवायची घाई. नट गच्च आवळले, पट्टी खणात टाकली आणि वर छातीठोकपणे सांगितलं, बिनधास्त चालवा.

बाराव्या दिवशी भिमाजी टेम्पोतून सायकल घेऊन आले. त्यांची बायको कलाबाई झेंडू विकायला निघाली होती. चढावर एक्सल फिरला, वायरी पिळून तुटल्या, चाक निसटलं. पडून कलाबाईंचा हात मोडला. आणि भिमाजी उलट माझीच माफी मागत होते. बायकोनंच एकदम रेस पिळली असणार, म्हणाले. घरात लय बोललो तिला.

यावर मी काय म्हणावं? "बायकांना सांगावं लागतं हो, हळू पिळा म्हणून." माझी जीभ कशी झडली नाही, कोण जाणे. तीन रात्री मला स्वतःचं तोंड आठवून किळस येत होती.

सायकल दुरुस्त केली, दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या. न्यायला नवरा-बायको दोघं आली. भिमाजी दुकानातल्या गिऱ्हाइकांपुढे माझं कौतुक करत सुटले. कलाबाई प्लास्टरचा हात सावरत चाकाशी वाकल्या आणि त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं.

"भाऊ, ही आधी होती का?"

नवीनच आलीय बाजारात, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"नव्हती," मी म्हणालो. "लावायला पाहिजे होती, मी टाळली. तुमची काही चूक नाही."

भिमाजी बोलता बोलता थांबले. त्यांनी थोबाडीत मारली असती तरी मला बरं वाटलं असतं. पण ते माझ्याकडे बघेनात आणि बायकोकडेही बघेनात.

कलाबाई सावकाश उभ्या राहिल्या. "मला सासूबाईंपुढं बोलले हे, पोरीपुढं बोलले. तुम्ही घरी चला, आणि त्यांच्यासमोर हेच सांगा."

मी गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं आणि मान खाली घालून त्या दोघांच्या मागे निघालो.