रेषेच्या अलीकडे

ओडेल गिलरीचा गुडघा मोडला तेव्हा त्याला अठ्ठाविसावं लागलं होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पोटाशी धरून आडदांड गड्यांच्या भिंतीत घुसायचं ज्याचं काम, त्याच्यासाठी हे वय म्हणजे म्हातारपणाची सुरुवातच. उत्तरेतल्या ज्या संघासाठी त्यानं हाडं झिजवली होती, त्यांनी त्याला फोनवरच नारळ दिला. फोन करणाराही नवखा होता. आडनाव त्यानं ‘गॅलरी’ असं उच्चारलं, आणि ओडेलनं ते दुरुस्त केलं नाही.

तो लुईझियानात आईकडे परतला. व्हर्नेल गिलरी गावातल्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात बुदँ विकायची, भात आणि डुकराचं मांस भरलेली गरम सॉसेजं. पोरगा कुबड्यांवर दारात आला, तशी तिनं त्याला ताट वाढलं आणि समोर बसून तो जेवेपर्यंत गावातल्या लग्नांच्या बातम्या सांगितल्या. गुडघ्याचं नाव काढलं नाही. दुकानात येणारे मात्र सल्ल्यांची खैरात करत. कुणी म्हणे शाळेत पोरांना शिकव, कुणी म्हणे गाड्या विक. ओडेल सगळ्यांपुढं मान डोलवायचा आणि संध्याकाळी उसाच्या शेतांमधल्या मातीच्या वाटेवर जाऊन चालायचा. पुढे चालण्याचं पळणं झालं. पण जुना वेग काही परत आला नाही, हे त्याला एक दिवस तिथंच कळलं. त्या दिवशी तो वाटेच्या कडेला बसून पोटभर रडला, आणि मग उठून पुन्हा पळाला.

वेग गेला, पण त्याच्या जागी धीर आला. पूर्वी तो भिंत दिसली की मुसंडी मारायचा. आता तो अर्धा श्वास थांबायचा, फट कुठं पडतेय ते बघायचा, आणि मग घुसायचा.

मेम्फिसच्या संघाचे कोच हार्लन प्रुइट यांनी त्याला बोलावलं, तेव्हा त्याची तिशी आली होती. प्रुइट आडपडदा ठेवणारे नव्हते.

“तुला पळायला घेत नाहीये, गिलरी. आमच्या चेंडू फेकणाऱ्या पोरावर जे धावून येतात, त्यांना अंगावर घ्यायला घेतोय. जमेल?”

“जमेल, कोच.”

ते त्यानं इमानेइतबारे केलं. चेंडू घेऊन पळायचा मान होता किशॉन ट्रॅमेलचा. बावीस वर्षांचा पोरगा, पायात वारं भरलेलं. तो ओडेलला म्हातारबा म्हणायचा आणि सरावाच्या वेळी मुद्दाम त्याच्याभोवती गिरकी घ्यायचा. ओडेल हसायचा, आणि नंतर बाजूला बसवून त्याला थांबायचं कसं ते शिकवायचा. किशॉनला आधी ते पटेना. मग एका सामन्यात थांबल्यामुळं त्याला मोकळं रान मिळालं, आणि तेव्हापासून म्हातारबा हा शब्द त्याच्या तोंडी वेगळा ऐकू यायला लागला.

दोन हंगाम असेच गेले. ओडेलनं मेम्फिससाठी एकदाही चेंडू घेऊन मैदानाच्या टोकाची रेषा ओलांडली नव्हती; एकही टचडाउन नाही. वर्तमानपत्रवाले त्याचं नाव विसरले होते. तो कुणाजवळ बोलला नाही, पण ही गोष्ट त्याला आतून खात होती.

मग उपांत्य सामना आला. जिंकणारा अंतिम फेरीत जाणार. उत्तरार्धात किशॉनचा घोटा मुरगळला आणि त्याला दोघांच्या खांद्यावरून बाहेर न्यावं लागलं. प्रुइट यांनी ओडेलकडे नुसतं पाहिलं. ओडेलनं शिरस्त्राण चढवलं.

तो चेंडू पुढं खेचत राहिला. थोडं थोडं, मार खात. शेवटची दीड-दोन मिनिटं उरली, मेम्फिस एका गुणानं पुढं होतं, चेंडू मेम्फिसकडे होता आणि समोरच्यांना घड्याळ थांबवायची सोय उरली नव्हती. पुन्हा ओडेलच्या हातात चेंडू आला. तो नेहमीसारखा अर्धा श्वास थांबला, आणि समोरची भिंत दुभंगली. बैलगाडी जाईल एवढी वाट. पलीकडे रेषेपर्यंत चिटपाखरू नव्हतं.

तो धावला. प्रेक्षक उभे राहिले. पण दोन पावलांतच त्याच्या मनात आलं, एवढी रुंद वाट कुणी फुकट देत नसतं. त्याला रेषेपलीकडे जाऊ देण्यातच त्यांचा फायदा होता. त्यानं गुण केले की चेंडू त्यांच्याकडे जाणार, आणि त्यांच्या फेकणाऱ्याला बरोबरी साधायला एवढा वेळ पुष्कळ झाला. तो अलीकडेच पडला, तर चेंडूही आपला आणि घड्याळही आपलं.

रेषा हाताच्या अंतरावर आली. दोन हंगामांची तहान भागायला एकच पाऊल हवं होतं. ओडेल थबकला, आणि देवळात टेकवावा तसा त्यानं गुडघा गवतावर टेकवला. तोच, मोडलेला.

मागून आलेला प्रतिस्पर्धी जवळजवळ विनवणीच्या सुरात ओरडला, “अरे, जा ना पुढं!”

“तूच जा,” ओडेल म्हणाला.

अख्ख्या मैदानाला आधी काही कळेना. मग लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि जो आवाज उठला तसा त्यानं आयुष्यात कुठल्याही टचडाउनला ऐकला नव्हता. उरलेला वेळ मेम्फिसनं चेंडू दाबून धरून काढला, आणि घड्याळ संपलं. किशॉन एका पायावर लंगडत आला आणि त्याच्या गळ्यात पडला. “म्हातारबा, मी असतो तर गेलो असतो,” तो म्हणाला. “आणि आपण हरलो असतो.”

अंतिम सामन्यातही किशॉनचा घोटा सुजलेलाच होता, म्हणून चेंडू ओडेलकडेच राहिला. तिसऱ्या सत्रात तो तीन गड्यांना अंगावर लोंबकळत घेऊन रेषेपलीकडे कोसळला. या वेळी गुण हवे होते, आणि ते त्यानं घेतले. उठल्यावर तो थेट प्रेक्षकांच्या कठड्याकडे गेला आणि चेंडू सामना बघायला आलेल्या व्हर्नेलच्या ओंजळीत ठेवला. ती कधी नव्हे ती रडत होती. सामना संपला तेव्हा मेम्फिस विजेता ठरलं.

महिन्याभरानं गावानं त्याची मिरवणूक काढली. अग्निशामक दलाच्या लाल गाडीवर मायलेक शेजारी बसले होते. अकॉर्डियन वाजत होतं, चौकात गंबो या तिथल्या घट्ट रश्श्याची पातेली चढली होती, आणि व्हर्नेल पेट्रोल पंपावरच्या गिऱ्हाइकांना नावानं हाका मारून सांगत होती, “आज दुकान बंद. उद्या या.”