मर्व्ह होऊ नका

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात माणसाने स्वतःची फुशारकी मारलेली कुणाला खपत नाही. लगेच चार जण पुढे होऊन त्याला जमिनीवर आणतात. माझा भाऊ ग्लेन हे पक्कं ओळखून आहे. तो मेलबर्नला कंपन्यांच्या सभांमधून व्याख्यानं देतो, कानाला माइक लावून, मागे पडद्यावर चित्रं दाखवत. धंद्यात बदलाला तोंड कसं द्यावं, हा त्याचा विषय. त्याला हे तंत्र शिकवणाऱ्या बाईने सांगितलं होतं, 'सुरुवात अपयशाने कर. लोक तुला आपला मानतील आणि नाव लक्षात ठेवतील.' ग्लेनची स्वतःची अपयशं काही कमी नव्हती. दोन नोकऱ्या गेल्या, एक बायको गेली. पण ती सांगितली असती तर त्याला परत कोण बोलावणार? म्हणून त्याने बापाचं अपयश उचललं.

आमच्या बापाचं, म्हणजे डॅडचं, नाव मर्व्ह. कोलॅक गावात त्याची बेकरी होती. ग्लेन सांगतो ते असं : समोर सुपरमार्केट उघडलं, मर्व्ह घाबरला, आणि एक दिवसही न लढता शटर ओढून घरी बसला. मग पडद्यावर बंद शटरचा फोटो येतो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'मर्व्ह होऊ नका.' लोक पोट धरून हसतात. हे वाक्य इतकं चाललं, की ग्लेनने ते छापलेले कॉफीचे मग करून घेतले. ऑफिसांतून आता कुणी कच खाल्ली की बाकीचे म्हणतात, "मर्व्हगिरी पुरे." मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिले होते. आमच्या ग्लेनला मरेपर्यंत थांबायचाही धीर नव्हता.

सुपरमार्केट त्याच वर्षी उघडलं, हे खरं. पण शटर ओढलं ते आईसाठी. बेरिल, माझी आई, तेव्हा माणसं विसरायला लागली होती, आणि रात्री उठून रस्त्याने चालत सुटायची. बेकरीची भट्टी तर पहाटेच्या कितीतरी आधी पेटवायला लागते. तिला घरात एकटं कोण ठेवणार? ग्लेन तेव्हा पर्थला होता. आला तो आईच्या अंत्ययात्रेलाच, फुलं घेऊन.

डॅड आता माझ्याकडे जिलाँगला असतो. ग्लेन भाषणात काय बोलतो हे त्याला ठाऊक नव्हतं. पोरगा एवढ्या लोकांपुढे बोलतो, याचंच त्याला कौतुक. फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये ग्लेनचं व्याख्यान आहे, हे त्याने गावच्या पेपरात वाचलं आणि जायचा हट्टच धरला. मी ग्लेनला फोन केला.

"डॅड येतोय. ते मर्व्हचं काढून टाक."

"नोलीन, अगं तीच तर माझी ओळख आहे."

"तुझी कसली? त्याचं नाव आहे ते. काढतोस, की मी मध्येच उठून बोलू?"

"बरं बाई, काढतो. एका दिवसाने काय बिघडतंय."

दारात सगळ्यांना नाव लिहायला चिकटपट्ट्या देत होते. डॅडने मोठ्या अक्षरांत 'मर्व्ह' लिहिलं आणि कोटावर चिकटवलं. टेबलावरच्या मुलीला ती थट्टाच वाटली. "झकास," ती म्हणाली. डॅडही खूश झाला.

ग्लेनने शब्द पाळला. पण मर्व्ह काढल्यावर त्याच्या भाषणात उरलं काय? लोक फोन बघायला लागले, मागच्या रांगेत कुणी जांभई दिली. ग्लेनच्या कपाळावर घाम आलेला मला पुढच्या रांगेतून दिसत होता. तेवढ्यात एक जण ओरडला, "मित्रा, मर्व्ह कुठे राहिला? त्याच्यासाठी तर आलोय." हॉल टाळ्या वाजवायला लागला. ग्लेनने आमच्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग त्याने हातातलं बटण दाबलं आणि पडद्यावर कोलॅकचं शटर आलं.

मी उठायला लागले. डॅडने माझं मनगट धरलं. "बस खाली," तो हळूच म्हणाला.

आमच्यात थट्टा झाली की ज्याची झाली त्याने सगळ्यात मोठ्याने हसायचं असतं. नाहीतर माणूस कुढा ठरतो. डॅड हसला. 'बाप घाबरला' तिथे हसला, 'एक दिवसही न लढता' तिथेही हसला. हसता हसता त्याने कोटावरची पट्टी सोलली, चुरगळली आणि खिशात टाकली.

नंतर चहाच्या टेबलाशी ग्लेनने मला गाठलं. "बघितलंस ना, तोच जास्त हसत होता. तूच उगाच बाऊ करतेस." मला त्याच्या तोंडावर चहा ओतावासा वाटला. मी ओतला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेवढ्यात एक बाई हातात ग्लेनचा तो छापील मग घेऊन डॅडजवळ आली. "मजा आली ना? तुमचं नाव काय हो?"

"लेस," डॅड म्हणाला.

"बरं झालं, मर्व्ह नाही," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

गाडीत मी म्हणाले, "तू उठून सांगायचं होतंस त्यांना. दुकान का बंद केलं ते."

"काय सांगू? बेरिल नाइटगाऊनवर रस्त्यात फिरायची म्हणून?" तो खिडकीबाहेर बघत होता. "मग पुढच्या भाषणात तिचाही फोटो लागला असता, पोरी. माझा आहे तेवढा पुरे."

मी गाडी सुरू केली.

शनिवारी मी त्याला कॉफीला घेऊन जाते. तिथली मुलगी पेल्यावर लिहायला नाव विचारते. डॅड 'लेस' सांगतो. परवा तिने "मर्व्ह" अशी हाक मारली, दुसऱ्याच कुणासाठी. डॅडने मान वर केली नाही. तो कपाने हात शेकत बसून राहिला.