पाचव्या चाकाने पाहिलेली फेरी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे मोटारीचं पाचवं, राखीव चाक. डिकीत पडून राहायचं आणि दुसऱ्याचं पंक्चर होण्याची वाट पाहायची, एवढंच आमचं काम, असं लोक समजतात. समजोत बापडे. अकरा वर्षं मी डिकीत काढली, पण गेल्या जानेवारीत मी जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाचा पत्रा दाबून, वाकवून आम्हा पाच बहिणींना एकाच दिवशी घडवलं. साडेपाच इंच रुंदी, अंगावर काळा रंग, वर एकशे पंचाहत्तर मिलिमीटर रुंदीचा टायर. चौघी एका लाल गाडीखाली गेल्या आणि मी गेले डिकीच्या खळग्यात. माझ्यावर गालिचा अंथरला. त्यावर कधी नारळ, कधी तांदळाचं पोतं, कधी पाहुण्यांच्या बॅगा. दोन पंक्चरं सोडली तर मी रस्त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बहिणींचा मला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू?

आमची गाडी गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्याची. मालक बाबली, टायरवाले. हायवेला लागून त्यांचं दुकान. टायरवरून नुसता तळवा फिरवून गाडी कोणत्या बाजूला ओढते, ते सांगणारा हा माणूस. त्यांची मुलगी संचिता ओरोसला नोकरीला आहे. बांदा ते ओरोस रोज जाऊन येऊन आमची गाडी चालवते ती. घरी आली की डबा ठेवण्याआधी वाकून टायर बघणार. बापाची लेक ती.

या संचिताला शर्यतीचं वेड होतं. घाटावर एक बंदिस्त धावपट्टी आहे. तिथे एकेक गाडी एकटी सोडतात आणि तिची घड्याळाशी शर्यत लावतात. पुण्याच्या एका संघाने जाहीर केलं होतं, की पंचविशीच्या आतली जी मुलगी स्वतःच्या गाडीने एक मिनिट वीस सेकंदांच्या आत फेरी मारील, तिला ते वर्षभर आपल्या संघातून गाडी देतील. पहिल्या वर्षी संचिताला एक मिनिट एकवीस सेकंद लागले. दुसऱ्या वर्षी तिचं अर्ध्या सेकंदाहूनही थोडक्याने हुकलं. आता शेवटची संधी उरली होती, कारण फेब्रुवारीत तिचं पंचविसावं वर्ष संपत होतं.

अडचण आमचीच होती. आम्ही अरुंद. वळणावर गाडी जोरात आली की पुढची चाकं किंचाळत बाहेर घसरायची. रुंद रिम आणि रुंद टायर घातले तर पकड वाढणार, हे दुकानातल्या मांजरालाही कळत होतं. पण बाबली ऐकायला तयार नव्हते. "कंपनीचा माप ताच माप," म्हणायचे आणि उठून जायचे.

त्यामागे कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी बाबलींचे मित्र सिराजभाई मालवणहून गोव्याला मासळी नेत. त्यांच्या हौसेखातर बाबलींनी त्यांच्या टेम्पोला रुंद टायर चढवले. माप घेतलं, गाडी फिरवून पाहिली, सगळं झकास. पण तेव्हा टेम्पो रिकामा होता. दुसऱ्या दिवशी मासळी आणि बर्फ भरल्यावर गाडी खाली बसली, टायर मडगार्डला घासू लागला आणि इन्सुलीच्या उतारावर फुटला. सिराजभाईंचा पाय मोडला. ते आजही लंगडत चालतात. त्यांनी बाबलींना कधी एका शब्दाने बोल लावला नाही, पण बाबलींनी त्या दिवसापासून रुंद टायरला हात लावला नव्हता.

डिसेंबरात एक दिवस संचिता सात इंची रुंद रिमा घेऊन आली. ओळखीच्या दुकानातून दोन मापांचे टायरही तिने पारखण्यापुरते मागून आणले होते. एक दोनशे पाच मिलिमीटरचे, एक दोनशे पंचवीसचे. तिचं मन दोनशे पंचवीसवर जडलं होतं.

"बाबानू, कुडाळात कोणय अर्ध्या तासात बसवन देयत," ती म्हणाली. "पण माका तुमच्या हातानच बसवक होये."

सिराजभाई बाकावर बसले होते. ते म्हणाले, "बाबलीशेट, चूक रुंद टायराची नाय होती. रिकामी गाडी बघून आपण माप घेतला, ती चूक. ती परत करू नको, इतक्याच."

बाबली उठले, त्यांनी डिकी उघडली आणि मला बाहेर काढलं.

मित्रांनो, मला का काढलं, ते ऐका. माझ्या चौघी बहिणींनी अकरा वर्षं खड्डे खाल्ले होते. कुणी कडेला वाकली होती, कुणी चेपली होती. कंपनीने घडवलं तशी फक्त मीच राहिले होते. बाबलींनी मला फरशीवर आडवं ठेवलं, वर सरळ काठी धरली आणि टेपने माप घेतलं. चाक आत किती जातं, बाहेर किती येतं, सगळं खडूने फरशीवर लिहिलं. ज्या निजण्याची मला आयुष्यभर लाज वाटली, त्या निजण्यानेच मला खरं माप करून ठेवलं होतं. मी तर थक्क झाले.

चाकाच्या आतल्या बाजूला स्प्रिंगचा खांब असतो, बाहेर मडगार्डची कड. मधल्या जागेत चाकाने फिरायचं, वळायचं आणि वरखाली व्हायचं. चाक रुंद करणं म्हणजे दाटीच्या पंगतीत आणखी एक पाट मांडणं. टेपने जागा मोजता येते, पण धावत्या गाडीत चाक नेमकं कुठवर उसळतं, ते टेपला कसं कळणार?

शेजारी भिकाजींची गणपतीची शाळा आहे. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. बाबलींनी त्यांच्याकडून मळलेली माती मागून आणली. तिचे लिंबाएवढे गोळे केले आणि मडगार्डच्या आत, खांबावर, जिथे जिथे चाक लागण्याची शक्यता होती तिथे चिकटवले. चाक जेवढं जवळ येईल तेवढा गोळा दबेल. उरलेली माती म्हणजे उरलेली जागा. किती साधी युक्ती! आपल्या मातीतून गणपती बाप्पाऐवजी मोटारीचं माप घडणार म्हणून भिकाजी स्वतः बघायला आले.

आधी दोनशे पंचवीस चढवले. संचिताने स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी दुकानासमोरच्या गतिरोधकावरून नेली. गोळे काढून पाहिले, तर अर्धं बोट माती शिल्लक. संचिताचा चेहरा खुलला. बाबलींनीही समाधानाने मान हलवली.

सिराजभाई उठले. लंगडत गाडीपाशी गेले, मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले.

बाबलींचा चेहरा पांढरा पडला. ते तीच चूक पुन्हा करायला निघाले होते. त्यांनी घराकडे वळून बायकोला हाक मारली, "शेवंती, भायर ये. गाडयेत बस." मग नवे गोळे चिकटवले, भिकाजींना बसवलं, डिकीत माझ्या जागी तांदळाची दोन पोती टाकली आणि स्वतः पुढे बसले. गाडी चांगलीच खाली बसली. संचिताने ती पुन्हा गतिरोधकावरून नेली. एक खर्रकन आवाज आला.

या वेळी माती पापडाएवढी पातळ झाली होती. एका गोळ्यावर तर टायरच्या नक्षीचे चरे उमटले होते.

"पण थंय मी एकटीच असतंय गाडयेत," संचिता म्हणाली. "बाकीचे सगळे दोनशे पंचवीस घालतत."

बाबली तो गोळा हातात धरून म्हणाले, "थंय तू एकटी गो बाय. पण हीच गाडी घेवन तू घाट उतारतलंय, आणि तेव्हा आमी आसंव आत. शर्यतीची गाडी वेगळी आणि घरची वेगळी, अशी चैन आपल्याकडे नाय."

मग दोनशे पाच चढवले, तीच माणसं बसली, तीच पोती राहिली. माती बोटभर उरली. या टायरांची उंचीही जवळजवळ माझ्याएवढीच होती, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात अंतरही तेवढंच कापलं जाणार आणि वेगाचा काटा खोटं बोलणार नव्हता. शिवाय इतके रुंद नसल्याने पाणी भरलेल्या रस्त्यावर ते तरंगण्याची भीतीही कमी. संचिताला वाईट वाटलं, आणि तिने ते लपवलंही नाही. शेवटी म्हणाली, "बसवा."

जानेवारीत संचिता, बाबली आणि सिराजभाई यांना घेऊन आम्ही घाट चढलो. आधीची दोन वर्षं गाडी हलकी व्हावी म्हणून मला घरीच ठेवत. या वेळी बाबली म्हणाले, "स्टेपनीशिवाय मी घाट चढूचंय नाय." धावपट्टीवर पोचल्यावर मात्र मला उतरवून कुंपणाशी टेकवून ठेवलं. बाबलींनी एकेक नट पुन्हा आवळला, हवा तपासली. मग टोपी काढून हात जोडले आणि हळू आवाजात लेकीसाठी देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू आज जा काय करूक इला हा, ता नीट पार पडांदे. गेला तसा हसत मागारी येवंदे." एकट्याने गाऱ्हाणं घालून कसं चालेल? साथ द्यायला कुणीतरी हवंच. शेजारून सिराजभाई म्हणाले, "होय म्हाराजा."

आणि मग मी माझीच गाडी बाहेरून पाहिली.

अकरा वर्षं मी जिच्या पोटात राहिले, ती अशी दिसते हे मला ठाऊकच नव्हतं. ती लाल रेघ समोरून गेली आणि कुंपण थरथरलं. पहिल्या वळणावर मी श्वासच रोखला असता, मला श्वास असता तर. एका टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, मित्रांनो. असे चार तळहात एका टनाच्या गाडीला आणि त्यात बसलेल्या एका मुलीला धरून होते. गाडी कलली, रबर गुरगुरलं, पण चाकं बाहेर घसरली नाहीत. ती वळली. जिथे संचिताची नजर होती, अगदी तिथेच वळली. मला वाटलं, आपण ज्याला नुसतं गोल लोखंड आणि रबर म्हणतो, त्यात केवढं सामर्थ्य भरलेलं असतं! त्या चाकांचा मला जरासुद्धा हेवा वाटला नाही. मला त्यांच्यापुढे नमस्कार करावासा वाटला.

फलकावर आकडे उमटले. एक मिनिट एकोणीस सेकंद आणि सहा दशांश. पुण्याच्या संघाची माणसं टाळ्या वाजवत पुढे आली. सिराजभाई लंगडत धावले.

बाबलींनी फलकाकडे पाहिलंच नाही. गाडी थांबताच ते गुडघ्यावर बसले आणि गरम मडगार्डच्या आत हात घातला. एका चाकापाशी, मग दुसऱ्या, मग चारही. टायर घासला असता तर तळवा रबराने काळा झाला असता. त्यांनी हात बाहेर काढून उघडला. तळव्यावर लाल धुळीशिवाय काही नव्हतं.

हेल्मेट काढत संचिता म्हणाली, "बाबानू, टायम विचारूचो नाय?"

बाबलींनी तो तळवा सिराजभाईंपुढे धरला. सिराजभाईंनी त्यावर आपला हात ठेवला. त्या अपघातानंतरच्या नऊ वर्षांत मी बाबलींना रडताना पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं.

संध्याकाळी मला पुन्हा डिकीत ठेवलं. वर पिशव्या, पुढे तिघं माणसं. वळणावळणाचा घाट आम्ही सावकाश उतरलो.

मित्रांनो, वेगाची हौस जरूर करा. चाकं रुंद घ्या, देखणी घ्या. नट आवळा, हवा तपासा, आणि महिन्यातून एकदा डिकी उघडून माझ्यासारखीचीही विचारपूस करा. पण एक मात्र विसरू नका. ज्यांना सोबत घेऊन घरी परतायचं आहे, त्यांना आधी गाडीत बसवा आणि मगच माप घ्या.